जुनं तांबं कुणाचं? पुरानंतरच्या एका वायंडिंग दुकानाचं प्रकरण

माझे मामा मिरजेत मोटर वायंडिंगचं दुकान चालवतात. शेतीपंप, पिठाच्या गिरण्या, कडबाकुट्टी, कारखान्यांतल्या लहान मोटरी, असं सगळं काम त्यांच्याकडं येतं. आजोबा मूळचे वसईचे. रेल्वेच्या नोकरीनं मिरजेला आले आणि इथलेच झाले. घर कॅथलिक, मामा रविवारची मिस्सा सहसा चुकवत नाहीत. मी वाणिज्य शिकवतो आणि दर तिमाहीला त्यांच्या वह्या बघून देतो, त्यामुळं खालचा प्रत्येक आकडा माझ्या हाताखालून गेलेला आहे. "लिही, पण नाव नको," एवढंच मामा म्हणाले.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. ज्यांनी २००५ चा पूर पाहिला होता, ती माणसं भिंतीवरच्या जुन्या खुणेच्या हिशेबानं सामान वर ठेवून बसली होती. पाणी ती खूण ओलांडून गेलं. मामांचं दुकान उंचावर, म्हणून कोरडं राहिलं. पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात दारात मोटरीच मोटरी. भिलवडी, अंकलखोप, कसबे डिग्रज, नदीकाठची सगळी गावं. कुणी ट्रॉलीत घालून आणलेल्या, कुणी मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून. दुकानात नदीच्या गाळाचा वास भरून राहिला होता, तो दिवाळीपर्यंत गेला नाही.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पुरात बुडालेली मोटर म्हणजे जळालेली मोटर नव्हे. लाईट बंद असताना बुडाली असेल, तर खोलून, गाळ धुऊन, भट्टीत नीट वाळवून, मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून बघायचं. रीडिंग चांगलं आलं की वार्निश मारायचं, बेअरिंग बदलायचं, झालं काम. ओली मोटर कुणी घाईनं चालू केली, तर मात्र आतली तांब्याच्या तारेची कॉइल जळते. मग जुनं तांबं तोडून बाहेर काढायचं, स्लॉटमध्ये नवा पेपर घालायचा, नवी वायर भरायची. हे रिवायंडिंग. पाच एचपीच्या मोटरीला मामांचा वाळवणीचा दर तेव्हा ७०० रुपये होता आणि रिवायंडिंगचा ३,८०० रुपये. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला यातलं काही दिसत नाही. "जळालीय, भरावी लागंल," असं वायंडिंगवाल्यानं म्हटलं की तो मान डोलावतो.

त्या दोन महिन्यांत मामांपुढं तीन मोह आले. पहिल्या दोघांना ते पुरून उरले, तेही सहज. म्हणूनच तिसरा त्यांना ओळखता आला नाही, असं माझं मत आहे.

पहिला मोह दराचा. गरज एवढी होती की पाच हजार सांगितले असते तरी लोकांनी दिले असते, काही ठिकाणी दर वाढलेही होते. मामांनी दर होता तोच ठेवला. आधी गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या मोटरी घेतल्या, मग गिरण्यांच्या, मग कडबाकुट्टीच्या, कारण जनावरं थांबत नाहीत. शेतीपंप सगळ्यांत शेवटी. कॅथलिक तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात नेमक्या या प्रसंगाचा विचार करून ठेवला आहे. वस्तू देताना विकणाऱ्याचं नुकसान होत असेल, तर तेवढं त्यानं किमतीत धरावं. पण घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्याच कारणानं जास्त घेऊ नये. ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही आणि जे आपलं नाही ते विकता येत नाही. वायर महाग झाली असती तर मामांना दर वाढवायला हरकत नव्हती. वायर कपाटात आधीच भरलेली होती.

दुसरा मोह वाळवणीला रिवायंडिंग सांगण्याचा. याबद्दल फार लिहीत नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात पुराच्या ९२ मोटरी आल्या. त्यांतल्या ५१ वाळवून परत गेल्या, ४१ भरल्या. मामा मेगरचा काटा गिऱ्हाइकाकडं फिरवून दाखवायचे. त्यांचा हा स्वभावच आहे.

तिसरा मोह एका फलकाच्या रूपात आला. सप्टेंबरच्या सुरुवातीला मामांनी दाराबाहेर लिहून लावलं: पूरग्रस्तांना रिवायंडिंगमध्ये १,००० रुपये सूट. मनापासून लावलं होतं. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरला, धंद्यालाही फायदा झाला. त्यात मला काही वावगं दिसत नाही. आपलंही बरं व्हावं आणि दुसऱ्याचंही, ही इच्छा पाप नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या परिपत्रकात नफ्याची योग्य जागा मान्य केली आहे. व्यवसाय नीट चालल्याची ती एक खूण आहे, एकमेव मात्र नाही.

या सवलतीचा पहिला चटका कामगारांना बसणार होता. दुकानात तीन माणसं नगावर काम करतात, एका मोटरीमागं ६०० रुपये. मामांच्या मनात आलं, आपण हजार सोडतोय तर यांनीही दोनशे सोडावेत. मिस्त्रीचं स्वतःचं घर डिग्रजला पाण्यात गेलेलं. तो हातातला टेपचा रोल खाली ठेवून म्हणाला, "मालक, सूट तुमच्या नावानं, आन् कापायची आमच्या नगातनं व्हय?" मामा गप्प झाले आणि सहाशेचे सहाशे देत राहिले. मजुरी अडवून ठेवली की तिचा आक्रोश देवाच्या कानी जातो, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयीच्या परिपत्रकात पुन्हा पुढं आणलं. मिस्त्रीनं ते वाचलेलं नाही. त्याला त्याची गरजही नव्हती.

एवढं झाल्यावर मामांची खात्री पटली की सूट आता पूर्णपणे आपल्याच खिशातून जाते आहे.

ऑक्टोबरच्या मध्यावर अंकलखोपच्या बाजूची एक बाई मोटर न्यायला आली. साठीच्या आसपासची, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. पुतण्यानं घाईनं बटण दाबलं आणि पाच एचपीची मोटर जळाली होती. मी त्या दिवशी दुकानातच वही उघडून बसलो होतो. तिनं २,८०० रुपये मोजून दिले. नोटा रुमालात बांधलेल्या, थोड्या दमट. मग हातातली वायरची पिशवी काऊंटरवर ठेवली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

"तांबं टाका की ह्यात."

मामांना कळेना. "कसलं तांबं?"

"आमच्या मोटरीचं. जुनं. आमचं मालक हुतं तवा दर बारीला घरी आणायचं."

"मावशी, हजार रुपये सोडलेत तुम्हाला."

"ते तुमचं देव बरं करंल, दादा. पर तांबं आमचं हाय न्हवं?"

मामांनी आतून भंगाराच्या ढिगातून काळी पडलेली कॉइल आणवली, पिशवीत टाकली. ती पिशवी हातानं तोलून बघून गेली. ती वळल्यावर मामांचा चेहरा उतरला. रागानं नव्हे, दुखावल्यासारखा. "बघितलंस? हजार सोडले ते दिसत नाहीत. तीन किलो तांबं दिसतं." दिवसभर त्यांच्या बोलण्यात तेच होतं.

मलाही आधी मामांचंच पटलं होतं, हे लिहून ठेवतो. संध्याकाळी वही पूर्ण करताना भंगाराच्या पावत्या पुढं आल्या म्हणून बेरीज केली, एरवी केलीही नसती. हंगाम संपल्यावर नोव्हेंबरअखेर तीच बेरीज पुरी केली, तेव्हा चित्र असं दिसलं. त्या बाईशिवाय दुसरं कुणी तांबं मागायला आलं नव्हतं. तिचं सोडून उरलेल्या ४० मोटरींचं जुनं तांबं १२८ किलो निघालं. भंगारवाल्यानं किलोला ३६८ रुपयांनी नेलं. आले ४७,१०४ रुपये. त्याच ४० मोटरींवर दिलेली सूट ४०,००० रुपये.

म्हणजे सूट देऊनही सात हजार वर उरले होते. शेतकऱ्याचं तांबं विकून शेतकऱ्यालाच हजार रुपये दिले जात होते आणि तो हात जोडून आभार मानत होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ही म्हण लहानपणापासून ऐकतो आहे. ती इतक्या जवळून, आपल्याच माणसाच्या वहीत सापडेल असं वाटलं नव्हतं.

मामांनी आकडे दोनदा तपासले. मग जे म्हणाले ते या प्रकरणात खरं वजनदार आहे, झटकून टाकण्याजोगं नाही. "ही धंद्याची रीत आहे. तांबं वायंडिंगवाल्यानं ठेवायचं धरूनच ३,८०० हा दर बसतो. तांबं परत द्यायचं म्हटलं तर दर वाढवावा लागेल. फसवणूक कसली?"

रीत ही गोष्ट नीतिशास्त्रात हलकी नाही. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली, दोघांनी मानलेली रीत किमतीचाच भाग होते. तसं असेल तर मामा बरोबर आणि माझी बेरीज निव्वळ कागदी. मी गप्प बसणार होतो. तेवढ्यात समोरच्या फायलीत एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं चलन दिसलं. त्यांच्या मोटरी वर्षभर येतात. चलनावर मामांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: जुनं तांबं परत, १४ किलो २०० ग्रॅम. दर तोच, प्रतिएचपी हिशेबानं. कारखान्याचा स्टोअरकीपर तांबं मोजून घेतो, म्हणून त्यांना परत. शेतकरी मागत नाही, म्हणून ते आपलं. ज्याला ठाऊक आहे त्याला एक रीत आणि ज्याला ठाऊक नाही त्याला दुसरी, तिला रीत म्हणता येत नाही. चलन मामांपुढं सरकवलं. ते बराच वेळ त्याच्याकडं बघत होते, मग उठून भट्टी बंद करायला गेले.

आमच्याकडं उदारपणा आणि स्वार्थ यांचं बोलणं फार ढोबळ चालतं. धंदा एका कप्प्यात, दान दुसऱ्या कप्प्यात. धंद्यात जमेल तसं कमवावं, मग वर्षातून एकदा मोठा चेक द्यावा. चर्चमध्ये, देवळात, सगळीकडं हेच. कॅथलिक शिकवण हे मान्य करत नाही, आणि तिचं हे म्हणणं पुरेसं सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या भाविकांच्या) कार्याविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट बजावलं: आधी न्यायाचं देणं चुकतं करा, जे हक्काचं आहे ते दान म्हणून देऊ नका. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या परिपत्रकात तोच धागा पुढं नेला. प्रीती न्यायाच्या पलीकडं जाते, पण न्यायाला वगळून जात नाही. जे दुसऱ्याचंच आहे ते त्याला आधी द्यायचं, मग माझं जे आहे त्यातून देण्याची गोष्ट. आणि निःस्वार्थ देणं हे व्यवहार संपल्यावर करायचं काम नव्हे, व्यवहारातच त्याला जागा हवी, असंही त्यांनी त्यात मांडलं.

मामांच्या दुखावण्यावर मला मत्तयच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यानं उत्तर दिलं. तिथला मालक संध्याकाळी आलेल्यालाही पूर्ण दिवसाचा दिनार देतो, सकाळपासून राबलेले कुरकुरतात, तेव्हा तो विचारतो की जे माझं आहे त्याचं मी मनासारखं करू नये काय. आम्ही हा दाखला नेहमी कुरकुरणाऱ्यांच्या बाजूनं ऐकतो आणि मालकाच्या औदार्याचं कौतुक करतो. पण त्या मालकानं सकाळच्या लोकांना ठरलेला दिनार पुरता दिलेला आहे. कुणाचा एक पैसा न ठेवता तो 'माझं' म्हणतो. मामाही दिवसभर तेच म्हणत होते, माझे हजार, माझी सूट. फक्त ते हजार त्यांचे नव्हते.

दुसरं म्हणजे मिंधेपणा. सूट घेऊन गेलेला शेतकरी पुढच्या वेळी दराची घासाघीस करत नाही, मोटर महिन्यात परत बिघडली तरी बोलायला कचरतो, कारण या माणसानं पुरात आपल्यासाठी हजार सोडले होते. स्वतःच्याच पैशानं तो मिंधा होतो. रुपयांत हे नुकसान मोजता येत नाही, म्हणून वहीत दिसत नाही. माझ्या मते या प्रकरणातलं मोठं नुकसान हेच.

त्या रविवारी मिस्सेनंतर मामांनी फादरना गाठलं. पापनिवेदनातलं बोलणं नव्हे, चर्चच्या अंगणात उभ्या उभ्या झालेलं, मी शेजारी होतो. फादर वसईकडचेच. १९१८ मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी तिथं कॅथलिकांची सहकारी पतसंस्था उभी केली, तीच आजची बसीन कॅथलिक बँक. त्यामुळं पैशाअडक्याची गोष्ट आली की तिकडचे धर्मगुरू बावरत नाहीत. त्यांनी आधी विचारलं, "किती?" मग, "नावं आहेत?" नावं रजिस्टरमध्ये होती. ते म्हणाले, जो सापडेल त्याच्या हातात द्या. प्रयत्न करूनही सापडला नाही, तर ती रक्कम गरिबांकडं जाऊ द्या, पण तुमच्याकडं राहू देऊ नका. हा नियम जुना आहे, परत देण्याविषयी अक्वायनस यांनीही असंच म्हटलं आहे. मामांनी विचारलं, "मग दिलेली सूट वजा करायची का?"

फादर लगेच बोलले नाहीत. म्हणाले, "तुम्ही फलकावर काय लिहिलं होतं? तांब्याच्या बदल्यात सूट, असं लिहिलं होतं?"

"नाही."

"मग ते वेगळं दिलं होतं. लोकांनी तसंच घेतलं."

मामांना हे जड गेलं आणि जावं असंच होतं. सत्तेचाळीस हजार म्हणजे त्यांच्या दुकानाचे दोन हप्ते. जक्कयाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार उभा राहतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट. मामींनी आठवण करून दिली, "तुम्हाला चौपट नाही सांगितलं, एकपटच सांगितलंय." मामा हसले, बऱ्याच दिवसांनी.

डिसेंबरभर फोन चालले. वजन मोटरीगणिक लिहिलेलं नव्हतं, ही आमची चूक. एचपीवरून अंदाज बांधला आणि शंका असेल तिथं शेतकऱ्याच्या बाजूनं वरचा आकडा धरला. नाताळपर्यंत ३३ जणांना पैसे पोचले. काहींना पटकन समजेचना. भिलवडीच्या एकानं "कसली स्कीम हाय ही?" म्हणून फोनच ठेवून दिला, मग मिस्त्री प्रत्यक्ष गेला. दोघांनी "राहू द्या, पुरात तुम्ही सांभाळलंत" म्हणत घेण्यास नकार दिला. मामांनी त्यांनाही घ्यायला लावलं. नकोच असेल तर घेऊन मग कुणालाही द्या, म्हणाले.

फलक काढला. त्या जागी आता दोन ओळी आहेत: तांबं परत घेतल्यास दर अमुक, दुकानात ठेवल्यास अमुक. दोन्ही आकड्यांत फरक त्या आठवड्याच्या भंगाराच्या दराइतका. प्रत्येक मोटरीचं जुनं तांबं गिऱ्हाइकासमोर काट्यावर जातं आणि वजन पावतीवर येतं. सूट बंद झालेली नाही. ज्याची खरंच ऐपत नाही त्याला मामा अजूनही सोडतात, फलकाशिवाय, आणि वहीत त्या रकमेपुढं काही लिहीत नाहीत. मला हिशेब जुळवताना ते शोधून काढावं लागतं. शेतकऱ्याच्या खिशातून जाणारे रुपये आधीएवढेच आहेत, थोडे इकडंतिकडं. मामांचा नफा किंचित घटला. पण आता लोक दरावरून घासाघीस करतात, तांब्याच्या काट्याकडं डोळे बारीक करून बघतात, महिन्यात बेअरिंग वाजलं तर येऊन ठणकावून सांगतात. मामांना कधी कधी त्याचा त्रास होतो. मला त्यात बरं वाटतं.

सात नावं उरली होती. नंबर बदललेले, माणूस गाव सोडून गेलेला. त्यांचे पैसे एका पाकिटात, देवघरातल्या मारियेच्या मूर्तीमागं. मामा म्हणायचे, एवढ्यात गरिबांना देत नाही, अजून शोध पुरा झालेला नाही. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा शहरात आली. पाणी उतरल्यावर मोटरी परत येऊ लागल्या, आणि त्यांत सातांपैकी एक माणूस आला. मधल्या काळात पुण्याला कामाला होता, लॉकडाऊनमध्ये गावी परतला. मामांनी रजिस्टर काढलं. त्याच्या नावापुढं ३ किलो २०० ग्रॅम.

पाकिटात त्याचे १,१७८ रुपये होते, २०१९ च्या दरानं. तांबं तोवर पावणेदोन पटीच्या घरात गेलं होतं. मामांनी माझ्याकडं बघितलं. विकलं तेव्हाचा दर द्यायचा की आजचा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि मी बोलायला सुरुवातही केली. मामांनी हातानं थांबवलं. आत गेले, दुकानाच्या स्वतःच्या साठ्यातलं तांबं घेऊन आले आणि काट्यावर घातलं. थोडं कमी भरलं, आणखी एक वेटोळं टाकलं. मग काटा त्या माणसाकडं फिरवला.

"बघून घ्या," म्हणाले. "पिशवी आणलीय का?"